बजेट भागिले जीडीपी: मराठी अर्थ-संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकं, साप्ताहिकं आणि वृत्तवाहिन्यांचे अर्थ-संपादक, तसंच बजेटच्या बातम्या करणारे सर्व पत्रकार

विषय: ‘अर्थव्यवस्थेत सरकारचा वाटा’ हा आकडा काढताना होणारी गल्लत

स.न.वि.वि.

1 फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपलं की तासाभरात एक भागाकार सगळीकडे फिरायला लागतो. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च 50,65,345 कोटी रुपये होता आणि त्याच कागदपत्रांत धरलेला जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांचं एकूण मूल्य, 3,56,97,923 कोटी. भागाकार येतो 14.2 टक्के. मग पट्टी चालते, ‘अर्थव्यवस्थेचा 14 टक्के हिस्सा सरकारच्या हाती’. काही महिन्यांनी सांख्यिकी मंत्रालयाचे राष्ट्रीय लेख्यांचे, म्हणजे साऱ्या देशाच्या उत्पादन-खर्चाच्या हिशेबाचे, तक्ते येतात. त्यांत ‘सरकारी अंतिम उपभोग खर्च’ या ओळीपुढे जीडीपीच्या दहा-अकरा टक्क्यांचा आकडा असतो. 2011-12 या आधारवर्षात (ज्या वर्षाच्या किमती तुलनेसाठी धरतात) तो साधारण 11 टक्के होता आणि नंतरही त्याच पट्ट्यात हिंडत राहिला. या ओळीत केंद्र, सगळी राज्यं, महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती, सगळे येतात. म्हणजे एकट्या केंद्राचे 14 आणि साऱ्या सरकारांचे मिळून 11. वाचक चक्रावतो, आणि कुणीतरी लगेच ‘सरकार आकडे लपवतंय’ असं लिहून मोकळं होतं.

कुणी काही लपवत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला सांगतो की सरकारच्या तिजोरीतून किती पैसा बाहेर पडला. दुसरा सांगतो की देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांपैकी किती सरकारने स्वतः वापरल्या किंवा लोकांना पुरवल्या. ‘वाटा’ हा शब्द दुसऱ्यालाच शोभतो. पहिला आकडा जीडीपीचा भाग नाही, तो जीडीपीशी ताडून पाहिलेला आकार आहे. फ्रान्समध्ये सरकारी खर्च जीडीपीच्या निम्म्याहून जास्त असतो, म्हणून उरलेल्या निम्म्यापेक्षा कमी जीडीपीत तिथले सगळे खासगी व्यवहार बसले असा अर्थ होत नाही. तिथला सरकारी उपभोग पाव हिश्श्याच्या आतच आहे.

जीडीपीची खर्चाच्या बाजूने केलेली बेरीज अशी असते: खासगी उपभोग, सरकारी उपभोग, भांडवल निर्मिती, आणि निर्यातीतून आयात वजा. यात फक्त वस्तू आणि सेवांना जागा आहे. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला तर त्याला इथे ओळ नाही. ‘लाडकी बहीण’चे महिन्याला 1,500 रुपये बहिणीच्या खात्यात पडले की ते सरकारी खर्चात दिसतात, सरकारी उपभोगात नाही. तिने त्यातून गॅसचं सिलिंडर घेतलं, मुलीच्या क्लासची फी भरली, की तो खर्च खासगी उपभोगात चढतो. तोच पैसा सरकारी ओळीतही धरला तर एक सिलिंडर दोनदा मोजलं जाईल. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46,000 कोटी रुपये सांगितले गेले होते. बजेटमध्ये हा आकडा मोठा, सरकारी उपभोगात शून्य. व्याज, रोख शिष्यवृत्त्या, शेतकऱ्यांच्या खात्यातले हप्ते यांचंही तसंच.

व्याजाचं वजन किती, तेही पाहा. 2025-26 च्या केंद्रीय अंदाजात व्याज 12,76,338 कोटी होतं, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. भांडवली खर्च 11,21,090 कोटी. रस्ते, रूळ, इमारती ही भांडवल निर्मिती, तिची ओळ वेगळी. एवढं दोनच बाजूला काढलं तरी 50.65 लाख कोटींचे 26.68 लाख कोटी उरतात, जीडीपीच्या साडेसात टक्के. त्यातून अजून अन्न आणि खतांची अनुदानं जायची आहेत, राज्यांना दिलेली अनुदानं जायची आहेत. तेव्हा सरळ भागाकारातल्या 14 पैकी केंद्राच्या स्वतःच्या उपभोगापर्यंत किती पोचतं, याचा अंदाज इथेच येईल.

आता ज्यांना आकडा स्वतः बांधायचा आहे त्यांच्यासाठी. सरकार पोलीस बंदोबस्त विकत नाही, तहसीलदाराच्या न्यायनिवाड्याला बाजारभाव नाही. म्हणून अशा सेवेची किंमत ती पुरवायला आलेल्या खर्चाइतकी धरतात. कर्मचाऱ्यांचं वेतन आणि त्यासोबतचे लाभ घ्यायचे, त्यात वस्तू-सेवांची खरेदी मिळवायची (कागद, इंधन, औषधं, वीजबिल, कंत्राटी सेवा), मग इमारती आणि यंत्रांची झीज, म्हणजे घसारा, मिळवायचा. या बेरजेतून लोकांकडून सेवेपोटी घेतलेलं शुल्क वजा करायचं, कारण तेवढी सेवा लोकांनी स्वतः विकत घेतली आणि ती खासगी उपभोगात मोजली गेली. सरकारने स्वतःच्याच माणसांकडून बांधून घेतलेली मालमत्ताही वजा करायची. शेवटी, सरकारने बाजारातून विकत घेऊन लोकांना थेट पुरवलेल्या वस्तू-सेवा मिळवायच्या. संयुक्त राष्ट्रांच्या 2008 च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीचा सांगाडा हाच आहे.

घसारा हा यातला अडचणीचा घटक आहे. केंद्र आणि राज्यांचे लेखे रोखीचे असतात, म्हणून घसारा कुठल्याच बजेटच्या पुस्तकात सापडत नाही. सांख्यिकी यंत्रणा वर्षानुवर्षांच्या गुंतवणुकीचा साठा मांडते, प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेचं आयुष्य धरते आणि त्यावरून झीज काढते. बजेटवरून सरकारी उपभोग काढणाऱ्याचा आकडा अधिकृत आकड्याच्या खाली राहतो, त्याचं एक कारण हे.

एक जिल्हा परिषद घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत, प्रमाण ओळखीचं वाटावं एवढ्यासाठी. एकूण खर्च 1,000 कोटी. त्यात वेतन 520, निवृत्तिवेतन 130, औषधं, इंधन, कार्यालयीन खर्च 60, पोषण आहाराचं साहित्य 20, रस्ते आणि शाळाखोल्यांची बांधकामं 180, विद्यार्थ्यांना रोख लाभ 40, आणि ग्रामपंचायतींना अनुदान 50. बांधकामाचे 180 भांडवल निर्मितीकडे. रोख लाभाचे 40 गळाले. ग्रामपंचायतींचे 50 इथे धरायचे नाहीत, ग्रामपंचायत ते खर्च करेल तेव्हा तिथे मोजायचे. राहिले 730. घसाऱ्याचे 45 मिळवले, दवाखान्यातलं शुल्क आणि तत्सम सेवांचे 15 वजा केले. सरकारी उपभोग 760 कोटी.

निवृत्तिवेतनाचे 130 आम्ही आत ठेवले, यावर कुणी हरकत घेईल. बरोबरच आहे. आज निवृत्त असलेल्या माणसाने आज सेवा दिलेली नाही. नियम असा की, आज कामावर असलेल्यांच्या भावी निवृत्तिवेतनासाठी मालकाने जी वर्गणी भरायला हवी होती, ती आजच्या वेतनखर्चात धरायची. जुन्या योजनेत अशी वर्गणी कुठे जमाच होत नाही. मग ती गणिताने काढावी लागते, आणि ते जमत नसेल तर प्रत्यक्ष वाटलेलं निवृत्तिवेतन हाच अदमास धरण्याची मुभा 2008 ची पद्धत देते. आपल्या उदाहरणात ते वगळलं तर 760 चे 630 होतात. एवढा फरक पडणारी निवड बातमीत एका ओळीने सांगितली पाहिजे.

राज्याच्या बजेटच्या पुस्तकातून हाच हिशेब करायचा तर मुख्य लेखाशीर्षाच्या, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक विषयाला दिलेल्या चार अंकी क्रमांकाच्या, पहिल्या अंकापासून सुरुवात करावी. 0 आणि 1 ने सुरू होणारी शीर्षं महसुली जमेची, 2 आणि 3 महसुली खर्चाची, 4 आणि 5 भांडवली खर्चाची, 6 आणि 7 कर्ज-आगाऊ रकमांची, 8 लोकलेख्याची (सरकारकडे ठेव म्हणून असलेला इतरांचा पैसा). उपभोगासाठी पाया 2 आणि 3. त्यातून 2049, म्हणजे व्याज प्रदाने, आधी बाहेर. मग प्रत्येक शीर्षाखाली शेवटच्या दोन अंकांच्या उद्दिष्टांपर्यंत उतरायचं: 01 वेतन, 13 कार्यालयीन खर्च, 31 सहायक अनुदाने (वेतनेतर), 33 अर्थसहाय्य, 36 सहायक अनुदाने (वेतन), 50 इतर खर्च.

इथे नवखा हमखास फसतो. 2202 सामान्य शिक्षणात तो फक्त 01 ची बेरीज करतो आणि ‘राज्य शिक्षकांच्या पगारावर एवढंच खर्च करतं?’ अशी बातमी तयार होते. महाराष्ट्रात शिक्षकांचा मोठा भाग जिल्हा परिषदांच्या आणि खासगी अनुदानित शाळांत आहे. त्यांचे पगार राज्याच्या पुस्तकात ‘वेतन’ म्हणून दिसतच नाहीत, ते 36 खाली अनुदान म्हणून जातात. उलट बाजूला 31 मध्ये काय काय भरलेलं असतं ते तपशील उघडल्याशिवाय कळत नाही, आणि 50 ‘इतर खर्च’ ही तर प्रत्येक खात्याची अडगळीची खोली. शिवाय ‘आंतरलेखा हस्तांतरणे’ आणि ‘वजा वसुली’ असतातच. एका निधीतून दुसऱ्यात वर्ग केलेली रक्कम खर्च म्हणून एकदा आणि त्या निधीतून प्रत्यक्ष खर्च झाला की पुन्हा एकदा मोजली जाते. सगळी कसरत नको असेल तर राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय अर्थसंकल्पाचं आर्थिक आणि प्रयोजनवार वर्गीकरण करतं, ते मागवा. निम्मं काम झालेलं मिळतं.

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांची नुसती बेरीज करू नका. केंद्राचं अनुदान केंद्राच्या खर्चात आहे, राज्याच्याही आहे, आणि राज्याने पुढे जिल्हा परिषदेला दिलं असेल तर तिथेही. भांडवली बाजूलाही हेच. राज्यांना पन्नास वर्षांसाठी बिनव्याजी मिळणारं कर्ज केंद्राच्या भांडवली खर्चात धरलेलं असतं (2025-26 च्या अंदाजात 1.5 लाख कोटी), आणि राज्य त्यातून पूल बांधतं तेव्हा पुलाची रक्कम राज्याच्या भांडवली खर्चात येते. राज्यांचा करांतला हिस्सा मात्र वेगळा. तो केंद्राच्या जमेतूनच आधी वजा होतो, केंद्राच्या 50.65 लाख कोटींत तो नाहीच. अर्थसंकल्पाच्या कागदांतल्या ‘रुपया कुठे जातो’ या चित्रात मात्र तो धरलेला असतो. म्हणून त्या वर्षी चित्रात व्याज रुपयातले 20 पैसे दिसतं आणि खर्चाशी भागलं तर 25 टक्के येतं. एकाच पानावर हे दोन आकडे खुलाशाशिवाय छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं होतं. ‘छोट्या राज्यापेक्षा मोठी’ ही ओळ त्यावर ठरलेली. पण त्यातला निम्म्याहून अधिक खर्च भांडवली आहे. मुंबईकरांना पुरवलेल्या सेवांचा आकार हवा असेल तर केईएम, शीव, नायर ही रुग्णालयं, पाणीपुरवठा, सफाई, शाळा यांचा महसुली भाग बघायचा, आणि पाणीपट्टीसारखं सेवाशुल्क त्यातून वजा करायचं.

सरकारच्या मालकीचं ते सगळं सरकारात मोजायचं नाही, हा मुद्दा सर्वात जास्त वेळा निसटतो. कसोटी मालकीची नाही, विक्रीची आहे. जी संस्था आपली सेवा खर्चाशी काही नातं असलेल्या किमतीला विकते ती बाजारातली उत्पादक. रेल्वेचं बजेट 2017-18 पासून केंद्रीय अर्थसंकल्पात विलीन झालं, पण राष्ट्रीय लेख्यांत रेल्वे विभागीय व्यापारी उपक्रमच राहिली. गार्डचा, पॉइंट्समनचा पगार सरकारी उपभोगात येत नाही, तो तिकिटाच्या आणि मालवाहतुकीच्या किमतीतून प्रवाशांच्या आणि कंपन्यांच्या खर्चात येतो. एसटी, बेस्ट, महावितरण यांचंही तेच. समृद्धी महामार्ग बांधणारं रस्ते विकास महामंडळही सरकारी खात्यांच्या बाहेर. सरकारने महामंडळाला भागभांडवल दिलं तर तो आर्थिक मालमत्तेचा व्यवहार, त्यातून ना उपभोग होतो ना थेट भांडवल निर्मिती.

सैन्याच्या बाबतीत रेघ अजून बारीक आहे. 2008 च्या पद्धतीत तोफ म्हणजे भांडवल, कारण ती वर्षानुवर्षं वापरात राहते. तिचा गोळा साठ्यात राहतो आणि उडाला की उपभोग. 1993 च्या पद्धतीत तोफही उपभोगातच जायची. म्हणून दोन पद्धतींतल्या संरक्षण-उपभोगाच्या मालिका शेजारी ठेवून ‘संरक्षणावरचा उपभोग घटला’ म्हणू नये.

आता सरकारी वस्तू-सेवा लोकांपर्यंत पोचण्याच्या वाटा. एकाच शस्त्रक्रियेचे तीन हिशेब होतात. ती जिल्हा रुग्णालयात झाली तर शल्यचिकित्सकाचा पगार, भूल देणाऱ्याचा पगार, टाके, औषधं या मार्गाने सरकारी उपभोगात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयात झाली आणि सरकारने रुग्णालयाला पैसे दिले तर विकत घेऊन पुरवलेली सेवा म्हणून, तरीही सरकारी उपभोगात. आणि सरकारने रुग्णाच्या खात्यात रोख रक्कम टाकली, त्याने बिल भरलं, तर खासगी उपभोगात. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशांपोटी खासगी शाळांना मिळणारी प्रतिपूर्ती दुसऱ्या प्रकारात बसते. धोरण रोखीकडे झुकलं की सरकारी उपभोगाचा वाटा घसरतो. सरकार ‘आकसलं’ असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण बजेटचा आकार तेवढाच किंवा वाढलेला असू शकतो.

सर्वात नाजूक जागा रेशनच्या दुकानात आहे. अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झालं. शिधापत्रिकाधारकाचे तीन रुपये वाचले, बाकी पोतं तेच, माप तेच. हिशेबात काय होतं ते एका किलोवर पाहू. समजा अन्न महामंडळाला तो किलो खरेदी, साठवणूक, वाहतूक धरून 30 रुपयांना पडला. 3 रुपयांना विकला तर कुटुंबाचा उपभोग 3 आणि उरलेले 27 उत्पादनावरचं अनुदान. जीडीपी बाजारभावाने काढताना हे अनुदान सकल मूल्यवर्धनातून (उत्पादनाच्या मूल्यातून त्यासाठी वापरलेला माल आणि सेवा वजा करून उरतं ते) वजा होतं. तोच किलो फुकट दिला आणि नियम काटेकोर लावला, तर ती सरकारने विकत घेऊन पुरवलेली वस्तू ठरते: सरकारी उपभोग 30, अनुदान शून्य. शेतात, गोदामात, दुकानात काहीही बदललेलं नसताना त्या किलोपोटी बाजारभावाच्या जीडीपीत 3 ऐवजी 30 रुपये दिसतील. म्हणून फुकट आणि नाममात्र किमतीच्या योजनांची वर्षं एकमेकांशी ताडण्याआधी आकडेकर्त्याने धान्य कुठल्या ओळीत टाकलं आहे, हे पद्धतीच्या टिपणात शोधावं.

अनुदानाच्या नोंदीने जीडीपी कसा हलतो हे 2020-21 मध्ये दिसलं. त्या वर्षी अन्न अनुदानाचा अर्थसंकल्पीय अंदाज 1,15,570 कोटी होता, सुधारित अंदाज 4,22,618 कोटी झाला. मोफत धान्य वाटलं हे खरं, पण मोठा भाग अन्न महामंडळाने आधीच्या वर्षांत अल्पबचत निधीतून उचललेलं कर्ज फेडण्याचा होता. जुन्या वर्षांचं अनुदान एका वर्षाच्या रोखीत कोसळलं. 31 मे 2021 च्या अंदाजात त्या वर्षी सकल मूल्यवर्धन 6.2 टक्क्यांनी घटलं आणि जीडीपी 7.3 टक्क्यांनी. या दरीत अनुदानाचा हात होता. उलटा प्रकार 2023 च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत: फेब्रुवारी 2024 च्या प्रकाशनात जीडीपी 8.4 टक्क्यांनी वाढलेला, मूल्यवर्धन 6.5 टक्क्यांनी. अनुदानं घटली होती.

रोखीचा हाच त्रास पगारांतही. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात प्रत्यक्ष जानेवारी 2019 पासून लागू झाला, पण 1 जानेवारी 2016 पासून धरून. तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. नियमाने ती रक्कम ज्या वर्षी काम झालं त्या वर्षांची. बजेटच्या पुस्तकात ती ज्या वर्षी दिली त्या वर्षांत पडते. पुस्तकावरून आलेख काढला की 2016 ते 2018 सपाट आणि पुढे डोंगर. आठवा आयोग 2025 मध्ये नेमला गेला आहे, तेव्हा असाच डोंगर पुन्हा दिसणार.

पगार वाढला म्हणून सेवा वाढत नाही, हेही सांगायला हवं. किंमत खर्चाने मोजली की वेतनवाढ चालू किमतींच्या, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या भावांच्या, आकड्यात थेट चढते. स्थिर, म्हणजे आधारवर्षाच्या, किमतींत ती निर्देशांकाने उतरवावी लागते, पण मुळात मोजली जाते ती सेवेला लागलेली सामग्री, सेवा नव्हे. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने शाळेतले विद्यार्थी, झालेल्या शस्त्रक्रिया असं प्रत्यक्ष मोजायला घेतलं. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, तेव्हा तिथली सरकारी सेवा आकड्यांतही घसरली. ज्या देशांत पगारावरून मोजतात तिथे शिक्षक घरी आणि पगार चालू, म्हणून आकडा जागचा हलला नाही. त्या वर्षाच्या तुलना करताना हे विसरू नये. कंत्राटीकरणाचंही एक: शिपायाची जागा रद्द करून एजन्सीचा माणूस घेतला की ‘वेतन’ घटतं आणि ‘कंत्राटी सेवा’ वाढते. वेतनाचा हिस्सा घटल्याची बातमी खरी असते, सरकार हलकं झाल्याची नसते.

परदेशांशी तुलना करताना दोन खड्डे. अमेरिकेच्या तक्त्यात सरकारची जी ओळ प्रसिद्ध आहे तिच्यात उपभोग आणि गुंतवणूक एकत्र असतात. ती भारताच्या उपभोगाच्या ओळीशेजारी ठेवली की अमेरिका फुगलेली दिसते. जागतिक बँकेच्या तक्त्यात उपभोग वेगळा मिळतो, तो घ्या. दुसरा खड्डा क्रयशक्तीचा, म्हणजे त्या-त्या देशात पैशाने किती विकत घेता येतं याचा. गरीब देशात शिक्षक आणि परिचारिका यांचे पगार श्रीमंत देशांच्या मानाने कमी. एकसमान आंतरराष्ट्रीय किमती लावल्या की तिथल्या सरकारी सेवांचा वाटा देशी किमतींतल्या वाट्यापेक्षा मोठा निघतो. कुठलाच आकडा चूक नाही, पण एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ चूक आहे.

छेदाचं थोडक्यात. चालू किमतीच्या अंशाखाली चालू किमतीचा जीडीपी, मूल्यवर्धन नाही. अर्थसंकल्पीय अंदाजाखाली अर्थसंकल्पीय अंदाज, प्रत्यक्ष खर्चाखाली सुधारित जीडीपी. आधारवर्ष 2011-12 वरून 2022-23 वर नेण्याचं काम सांख्यिकी मंत्रालयाने हाती घेतलं, तेव्हा जुन्या आणि नव्या मालिकेला टाका घालून रेघ ओढू नका. ‘लोकप्रशासन, संरक्षण आणि इतर सेवा’ हा मूल्यवर्धनातला गट म्हणजे सरकार नव्हे. त्यात खासगी शाळा, खासगी दवाखाने, केशकर्तनालयंही आहेत. राज्याच्या आर्थिक पाहणीत सरकारी उपभोगाची ओळ शोधू नका, कारण राज्य उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने काढतात, खर्चाच्या नाही. आणि तिमाही आकड्यावर मथळा देऊ नका. तो केंद्राच्या आणि राज्यांच्या मासिक लेख्यांवरून, व्याज आणि अनुदानं वगळून उरलेल्या महसुली खर्चाच्या चालीने पुढे सरकवलेला असतो. 2024 च्या एप्रिल-जूनमध्ये तो पहिल्या प्रकाशनात किंचित घटलेला दिसला, कारण निवडणुकीची आचारसंहिता. मार्चची धांदल तर प्रत्येक खात्याला ठाऊक आहे.

आमची मागणी लहान आहे. एकूण खर्चाचा भागाकार छापायचा असेल तर ‘केंद्राचा एकूण खर्च, जीडीपीच्या तुलनेत’ असं लिहा, ‘वाटा’ किंवा ‘हिस्सा’ लिहू नका, आणि गोल चकतीत त्याची फोड दाखवू नका. चकतीच्या फोडी एका पूर्णाचे तुकडे असतात, हा त्या पूर्णाचा तुकडा नाही. सरकारी उपभोगाचा आकडा देताना तो कुठल्या सरकारांचा, कुठल्या वर्षाचा, अंदाज की प्रत्यक्ष, आणि निवृत्तिवेतन आत की बाहेर, एवढं चित्राखाली एका ओळीत सांगा.

छापण्यापूर्वी एक कच्ची तपासणी करता येते. देशभराचा सरकारी उपभोग 15 टक्क्यांच्या वर आला असेल तर व्याज, रोख योजना किंवा भांडवली खर्च आत राहिला आहे, नाहीतर अनुदान दोनदा मोजलं आहे. 8 च्या खाली आला असेल तर राज्यं किंवा स्थानिक संस्था सुटल्या असतील, किंवा 36 खालचे शिक्षक. राज्याच्या बाबतीत आधी 2202 उघडून 01 आणि 36 शेजारी शेजारी मांडून पाहा. चूक बहुधा तिथेच सापडते.

आपले,
अर्थसंकल्प आणि राष्ट्रीय लेख्यांच्या आकडेमोडीत रोजचा हात असलेले काही वाचक